मास्तरांचा अंगठा

एकशे एकविसाव्या अंकाच्या मधल्या पानावर विरामबाईंना स्वतःचा अंगठा दिसला. चांगला पानभर मोठा केलेला, करड्या छटेत, रेषान् रेषा स्पष्ट, आणि खाली ठळक अक्षरांत मथळा: ‘मास्तरांचा अंगठा’. जेवणाची सुट्टी होती. डबा उघडून पुढ्यात ठेवलेला, एक घास तोंडात, तो तसाच राहिला. ठशात पेरावर आडवी, जराशी वाकडी एक चीर होती. बाईंनी चमचा खाली ठेवला, उजवा हात उजेडात धरला आणि अंगठ्याचं पेर पाहिलं. चीर तिथंच होती, एकेचाळीस वर्षांपूर्वी कागद कापायच्या पात्यानं दिलेली. ठशात तेवढी उलटी दिसत होती. शंकेला जागाच नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, “काय झालं बाई, खडा लागला का?” बाई म्हणाल्या, “हो, खडा,” आणि घास गिळला.

अंक घरी यायचा तो बाई ऑफिसच्या पत्त्यावर मागवायला लागून सहा वर्षं झाली होती, कारण घरच्या पत्रपेटीचं दार मोडलेलं होतं आणि दुरुस्त करायचं आजउद्यावर चाललं होतं. ऑफिस म्हणजे छापखानाच, पण औषधांच्या पत्रकांचा. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो बाई वाचायच्या. त्याचाच पगार होता. ‘या गोळीने झोप येऊ शकते, वाहन चालवू नये’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारो वेळा तपासलं असेल. वाचताना त्यांचे ओठ हलत आणि शब्दांबरोबर चिन्हंही बाहेर पडत. दिवसातून दोनदा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम. नव्या पोरींना आधी हसू आवरायचं नाही. मग त्यांनीच ‘विरामबाई’ हे नाव पाडलं आणि ते इतकं बसलं, की पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव वाचून एकदा कारकुनानंच विचारलं होतं, ही कोण.

आणि अंकाचं नाव ‘डुलकी’. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी काढलेला, मास्तरांनी लिहिलेल्या लहान मुलांच्या गोष्टींवरचा अंक. आता यावर कुणाला हसायचं तर हसू दे. मास्तर दिवसा तलावावर मुलांना पोहायला शिकवायचे आणि संध्याकाळी गोष्टी लिहायचे. सात पुस्तकं लिहिली आणि गेले. सातही पुस्तकांत एकच नायक, डुलकोबा नावाचं पाणमांजर. काम दीपगृहाच्या राखणदाराचं आणि खोड अशी, की बसल्या जागी झोप. त्याची एक थोरली बहीण, नुसती ‘थोरली’. एवढाच संसार. पण त्या संसारावर माणसं जीव टाकायची. अंक काढणाऱ्या मंडळाचे संपादक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर वर, छतावर, दीपगृहाचं चित्र रंगवलेलं होतं, म्हणजे आ वासून पडलेल्या माणसाला बघायला काहीतरी बरं असावं. एक सभासद बंदरावर क्रेन चालवायचा. दीपगृहाच्या पायऱ्या बहात्तर आणि त्याच्या क्रेनच्या शिडीच्याही बहात्तर, एवढ्या एका योगायोगावर तो स्वतःला डुलकोबाचा चुलतभाऊ म्हणवून घेत असे. एक नर्सबाई होत्या, त्या दवाखान्यातली पाळी संपल्यावर अंक घेऊन गच्चीवर बसत आणि घरच्यांना सांगून ठेवत, की आग लागली तरच हाक मारा. तीस वर्षं झाली या सगळ्याला. नवा अंक आला की बाई मागून पुढे वाचत जायच्या. आधी ‘जिन्यावर’ हे सदर, मग पत्रं, मग जाहिराती, आणि संपादकीय सगळ्यात शेवटी, औषधासारखं.

‘जिन्यावर’ म्हणजे या मंडळींचं खरं वेड. सातव्या पुस्तकात एका पानाच्या शेवटी डुलकोबा पावसापाण्यात जिना चढायला लागतो. पान उलटलं की तो होडीत असतो, भर दुपार असते, हाताला फडकं बांधलेलं असतं, आणि मागे लख्ख उन्हात दीपगृहाचा दिवा जळत असतो. का जळतो, हात कशानं कापला, जिन्यावर काय झालं, एका शब्दानं सांगितलेलं नाही. लहानपणी प्रत्येकजण इथं अडखळलेला. आणि प्रत्येकानं आपापलं उत्तर रचलेलं. कुणी लिहायचं, त्याला वर चोर सापडला. कुणी लिहायचं, त्यानं सूर्यच दिव्यात कोंडला. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की मी सात वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले, तेव्हा मी ठरवलं, की जिन्यावर डुलकोबाला त्याचे वडील भेटले. तीस वर्षांत एकशे वीस अंक, आणि एका उत्तरासारखं दुसरं नाही. बाई दर वेळी पहिल्यांदा ते सदर वाचायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. इतकं, की कधीकधी त्याची लाज वाटायची.

कारण जिन्यावर काय झालं ते बाईंना माहीत होतं. निदान अर्ध्या पानापर्यंत.

अंकात पुढे सगळं खुलासेवार होतं. मास्तरांच्या भाचीनं सातव्या पुस्तकाचं हस्तलिखित मंडळाला दिलं होतं. त्यात एकसष्टाव्या आणि त्रेसष्टाव्या पानाच्या मधे बासष्टावं पान सापडलं, मागच्या पानाला चिकटलेलं. वाफ देऊन सोडवलं, तर आत खळीचा वाळलेला थर आणि त्यात हा ठसा. क्रेनवाल्यानं त्यावर सोळा पानांचा लेख लिहिला होता, मोजमापं आणि बाणांसकट. ही चीर दोराची आहे, असं त्याचं म्हणणं. बुडणाऱ्या मुलाला ओढून काढताना मास्तरांच्या अंगठ्याला दोर काचला असणार. एवढंच नाही, तर ठशाच्या रुंदीवरून माणूस धीराचा, मितभाषी आणि मुलांवर माया करणारा दिसतो. बाईंनी हे दोनदा वाचलं. आपल्याला इतकं चांगलं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, ‘मास्तरांनी हे पान स्वतःच्या हातानं बंद केलं. ते उघडणारे आपण कोण?’ त्याखाली संपादकांचं निवेदन होतं. प्रकाशक नवी आवृत्ती काढणार होते. पान जागच्या जागी घालायचं की नाही, ते मंडळानं कळवायचं होतं. रविवारी सकाळी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, हात वर करून मतदान. तोवर पानावर काय आहे ते डॉक्टर कुणालाही सांगणार नव्हते. खळीचा वास बाईंच्या नाकात आला, एकेचाळीस वर्षांनी, डब्यातल्या भाजीच्या वासावरून सरळ आत शिरला.

तो दुसरा छापखाना होता, जुना, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचा. बाई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचं काम होतं कॉपी वाचायचं. जुळाऱ्यानं जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ चष्मेवाल्या काकांसमोर असे, लेखकाची मूळ पानं पोरीसमोर. ती मोठ्यानं वाचायची, चिन्हांसकट, काका प्रुफावर बोट फिरवत तपासायचे. आवाज सपाट हवा. गोष्टीत कुणी मेलं तरी सपाट, लग्न झालं तरी सपाट. “तू रडायला लागलीस तर माझा स्वल्पविराम हुकतो,” काका म्हणायचे, आणि त्यात काही वावगं नव्हतं. मास्तरांचं बाड मशीनखोलीतून येता येता बांधणीच्या टेबलावर पडलं होतं. तिथं कुणाच्या तरी हातून खळ सांडली आणि दोन पानं एकमेकांना चिकटली. जुळाऱ्यानं त्यांना एकच समजून पुढचं जुळवलं. पोरीच्या बोटांना मात्र ते पान जाड लागलं. चहाची वेळ झाली, काका उठून गेले, तिनं नखानं कड उचलली आणि पान वाचायला घेतलं. मनात, सपाट नाही. डुलकोबा बहात्तर पायऱ्या चढून वर येतो. सकाळ झालेली असते. दिवा विझलेला, काच फुटलेली, खाली खडकांवर होडीच्या फळ्या. थोरली ओलीचिंब उभी असते. ती त्याच्याकडे बघते आणि विचारते, “झोपलास?”

एवढंच तिनं वाचलं. त्यापुढची ओळ तिनं पाहिलीसुद्धा नाही. शेजारच्या टेबलावर खळीचं भांडं होतं. अंगठा बुडवला, पानावर दाबला, पान परत चिकटवलं आणि तळव्यानं दाबून धरलं. काका चहा पिऊन आले, चष्मा पुसला, म्हणाले, “हं, पुढं.” आणि तिनं त्रेसष्टावं पान वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट होता. काकांचा एकही स्वल्पविराम हुकला नाही.

त्याच्या नऊ दिवस आधी आई गेली होती. अकरा दिवस पोर दवाखान्यात आईच्या खाटेशी बसली होती, कारण ताईचं लग्न झालेलं, तिचं मूल अंगावरचं, आणि वडील कामावर गेले नाहीत तर दवाखान्याचं कसं व्हायचं. लोखंडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड, हलली की टक् वाजायची. बाराव्या दिवशी दुपारी, खिडकीला पडदा ओढलेला, पंख्याचा एकसुरी आवाज, आईनं काहीतरी मागितलं की मागितलं नाही ते नक्की आठवत नाही, आणि पोरीची मान छातीवर पडली. वीस मिनिटं असतील. फार तर पंचवीस. जाग आली ती दारातल्या आवाजानं. ताई डबा घेऊन उभी होती, खाटेकडे बघत होती, मग तिनं मान वळवली आणि विचारलं, “झोपलीस?” एकच शब्द, त्यात राग नव्हता की रड नव्हती. ताईला तो आज आठवतही नसेल. पुढं नातेवाईक आले, त्यांनी पोरीला पदराखाली घेतलं, आणि म्हणाले, लहान आहे हो, डोळा लागला बिचारीचा, मुद्दाम का कुणी करतं, होतं असं नजरचुकीनं. तेराव्या दिवशी म्हणाले, वर्षश्राद्धाला म्हणाले, तिच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हासुद्धा कुणीतरी माजघरात म्हणालंच. मारलं असतं तर परवडलं असतं. या दयेला उलटून काही बोलताच यायचं नाही. आणि डुलकोबा, ज्याच्यावर ती सहाव्या वर्षापासून जीव टाकत होती, जो झोपतो म्हणून सगळं जग हसतं आणि कुणी रागावत नाही, त्यालाही तिथं वर, बहात्तराव्या पायरीवर, तोच शब्द ऐकावा लागणार होता. ती असताना लागणार नव्हता.

पुस्तक निघालं तेव्हा मास्तर आजारी होते. नवी प्रत त्यांच्या उशाशी होती म्हणतात. त्यांनी ती वाचली का, वाचली तर जिन्याशी थांबले का, कुणालाच ठाऊक नाही. दोन महिन्यांत ते गेले. बाईंना विचारता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायची हिंमतही नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला, तसा तो दर गुरुवारी यायचा. गुडघे, सून, नळाचं पाणी, सगळं झालं. शेवटी ताई म्हणाली, “आणि तुला झोप लागते ना गं नीट?” साधा प्रश्न. सहासष्ट वर्षांच्या बाईनं साठ वर्षांच्या बहिणीला मायेनं विचारलेला. बाई म्हणाल्या, “लागते की. ठणठणीत लागते,” आणि फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. गंमत बघा, काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं. क्रेनवाल्याची बाजू भक्कम होती, मास्तरांचाच अंगठा म्हटल्यावर पान उघडायचं पाप कोण करणार. निम्म्याहून जास्त हात त्याच्या बाजूनं वर जातील, पान पुन्हा बंद होईल, जिना होता तसा राहील. बाईंना दुसरं काय हवं होतं? घी देखा पण बडगा नहीं देखा, असं म्हणतात ते लोभी माणसाला. इथं बडगा कुठंच नव्हता, होतं ते सगळं तूपच. तरी घशाखाली उतरेना. शुक्रवार गेला, शनिवार गेला. पत्रकांत दोन चुका राहिल्या आणि पोरींनी त्या गुपचूप दुरुस्त केल्या. शनिवारी संध्याकाळी बाईंनी अंक पुन्हा काढला आणि तो अंगठा समोर धरून बसल्या. माणूस धीराचा, मितभाषी. हे मास्तरांचं नव्हे, हे माझं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचा त्यांनाच धक्का बसला. अख्ख्या आयुष्यात आपण होऊन, डोळे उघडे ठेवून, कुणाला न विचारता केलेली एकच गोष्ट. तीही उचलून दुसऱ्याच्या खात्यावर घालायची, आणि आपण मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या. बरं आहे की.

रविवारी मागची खोली भरली होती. भरली म्हणजे चौदा माणसं, पण खुर्च्याच बारा होत्या. मधल्या टेबलावर काचेखाली हस्तलिखित. क्रेनवाल्यानं भिंग आणलं होतं आणि प्रत्येकाला रांगेनं ठसा दाखवत होता. एकजण म्हणाले, अंगावर काटा आला. नर्सबाई म्हणाल्या, “पण या अंगठ्यात काहीतरी ओळखीचं आहे बघा, कुठं पाहिला असेल मी?” आणि स्वतःच हसल्या. डॉक्टरांनी घसा साफ केला, दोन्ही बाजू मांडल्या, अगदी हिरडी न दुखवता, आणि म्हणाले, “मतदानापूर्वी कुणाला काही बोलायचं आहे?” बाई उठल्या. त्या अशा उठत नसत. त्यांचं काम अंकातलं एखादं पान वाचून दाखवायचं असे, मतं द्यायचं नव्हे.

“तो मास्तरांचा अंगठा नाही,” त्या म्हणाल्या. “माझा आहे.”

हात त्यांनी टेबलावर ठेवला, काचेशेजारी, पालथा नाही, उताणा. क्रेनवाला भिंग घेऊन वाकला. अंगठ्यावरून ठशाकडे, ठशावरून अंगठ्याकडे, असं तीनदा केलं. मग तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा पार पडला होता. बाईंना त्याची दया आली, पण थांबायचं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं: छापखाना, खळ, चहाची वेळ, चष्मेवाले काका. मोजून सहा-सात वाक्यं, सपाट आवाजात.

“म्हणजे,” क्रेनवाला म्हणाला, “मी सोळा पानं लिहिली ती तुमच्या अंगठ्यावर?”

“हो. छान लिहिलीत.”

“आणि तीस वर्षं आम्ही जिन्यावर डोकी फोडली, ते तुम्ही समोर बसून बघत होता?”

“बघत नव्हते,” बाई म्हणाल्या. “वाचत होते. मला तुमच्या सगळ्यांची उत्तरं आवडायची.”

“पण का, बाई?” हे डॉक्टरांनी विचारलं, पेशंटला विचारतात त्या मऊ आवाजात, कुठं दुखतं. बाईंनी ठरवलं होतं, की हे सांगायचं नाही. पण इथवर आल्यावर झाकून ठेवण्यात काही अर्थ नव्हता. “माझी आई त्याच्या आधी नऊ दिवस गेली होती,” त्या म्हणाल्या. “मी तिच्याजवळ बसले होते आणि मला झोप लागली. या पानावर ताईचा, म्हणजे थोरलीचा, एक प्रश्न आहे. तो मला छापू द्यायचा नव्हता. त्याच्यापुढं काय आहे ते मी वाचलेलं नाही.”

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. नर्सबाई म्हणाल्या, “मग वाचा ना आता. तुम्हीच वाचा.” डॉक्टरांनी क्षणभर विचार केला, काच बाजूला केली आणि पान बाईंच्या हातात दिलं. कागद पिवळा पडला होता, वाफेनं थोडा फुगला होता, आणि मास्तरांचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईचं. बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांच्याही नकळत जुनी सवय तोंडात आली. डुलकोबानं शेवटच्या पायरीवर पाय ठेवला पूर्णविराम. वर सकाळ झाली होती पूर्णविराम. कुणी हसलं नाही. दिवा, काच, फळ्या. थोरली त्याच्याकडे वळली आणि म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू झोपलास प्रश्नचिन्ह अवतरण बंद. इथं बाई थांबल्या. एकेचाळीस वर्षं जिथं भिंत होती तिथं पुढची ओळ होती, निळ्या शाईत, इतर ओळींसारखीच.

“हो,” डुलकोबा म्हणाला. “झोपलो.”

थोरली वाट बघत राहिली. त्याला अजून काहीतरी सांगायचं असेल असं तिला वाटलं. डुलकोबाला आणखी काही सांगायचं नव्हतं. तो खाली बसला आणि फुटलेल्या काचा हातानं गोळा करायला लागला. एक काच हातात शिरली. त्यानं ती उपटून काढली आणि बाजूला ठेवली.

“सरक,” तो म्हणाला. “दिवा लावायचाय.”

“आता?” थोरली म्हणाली. “ऊन पडलंय.”

“पडू दे,” डुलकोबा म्हणाला, आणि त्यानं दिवा लावला.

तिथं पान संपलं होतं. बाई शेवटचा पूर्णविराम म्हणाल्या आणि कागद हळूच टेबलावर ठेवला. त्या अर्ध्या पानाची त्यांनी आयुष्यभर धास्ती घेतली होती. तिथं फटके असतील, उपदेश असेल, बाळांनो बघा झोपेचे परिणाम, असं काहीतरी असेल, याची त्यांना खात्री होती. आणि तिथं हे होतं. दयेचा एक शब्द नाही. डोळा लागला बिचाऱ्याचा, असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. विचारलं, सांगितलं, कामाला लागला. असं उत्तर देता येतं हे कुणी आपल्याला एकोणिसाव्या वर्षी सांगितलं असतं तर! आणि सांगितलं होतंच की, हातात दिलं होतं, आणि आपणच ते खळ लावून बंद केलं. हे मनात आलं तेव्हा बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, स्वच्छ, आणि सगळा स्वतःवरचा नव्हता.

“फारच सुंदर आहे,” कुणीतरी म्हणालं. नर्सबाईंनी डोळे पुसले. “मला हे पान हवं,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षांपूर्वी, एका रात्रपाळीनंतर, फार हवं होतं. आता तरी दुसऱ्या कुणाला मिळू दे.” क्रेनवाला म्हणाला, की मास्तरांनी बंद केलेलं नाही म्हटल्यावर त्याचा विरोध संपला. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं.

“पान चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “मी समजत होते त्याच्या शंभरपट चांगलं आहे. तरी माझं मत विरोधातच. ज्यांचे वडील गेले त्यांना जिन्यावर वडील भेटले, त्यांना मी काय सांगू, की चुकलं तुमचं, मागच्या पानावर उत्तर आहे? मी चुकले असेन. पण त्या जिन्यावर लोक राहून गेलेत.”

हात वर झाले. अकरा विरुद्ध तीन. बाईंच्या बाजूनं एक कॉलेजातली मुलगी आणि ते वडिलांचं लिहिणारे गृहस्थ, एवढेच. बाईंना वाईट वाटलं. पण पडायचं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं, आणि हे पडणं त्या जातीचं नव्हतं. आपल्याच तोंडानं आपली बाजू पाडली होती, उभं राहून, दिवसाढवळ्या.

चहा आला. माणसं दोघं-तिघं करून बोलायला लागली, क्रेनवाल्यानं बाईंना बशीत बिस्कीट आणून दिलं आणि शेजारी उभा राहिला. डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून नव्या आवृत्तीसाठी टीप लिहीत होते. लिहून झाल्यावर ते कागद घेऊन बाईंपाशी आले. चांगला माणूस होता. त्यांनी खूप विचार करून लिहिलं होतं, कुणाचं नाव येऊ दिलं नव्हतं, कुणाला दोष लागू दिला नव्हता. ‘पहिल्या आवृत्तीच्या वेळी हे पान नजरचुकीने राहून गेले होते, ते येथे प्रथमच छापत आहोत.’ बाईंनी वाचलं. ओठ हलले. मग त्यांनी डॉक्टरांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, ‘नजरचुकीने राहून गेले होते’ एवढ्यावर आडवी रेघ मारली आणि वर, बारीक पण वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘कॉपी वाचणाऱ्या मुलीने मुद्दाम वगळले होते’.

“बाई, हे कशाला?” डॉक्टर म्हणाले. “पुस्तक घरोघर जाणार. लोक नावं ठेवतील. नजरचुकीला कुणी काही म्हणत नाही.”

“म्हणतात,” बाई म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षं म्हणतायत. नजरचूक झाली ती तिकडे, आईच्या खाटेशी. इथं मी चांगली जागी होते.”